बसायला सगळ्यांना येतं, उतरायला शिकवा

प्रश्न थोडक्यात असा: बडोद्याजवळ सिंधरोटच्या रस्त्याला एका ट्रस्टचं आवार आहे. साधारण ३ एकर हिरवळ, मधे एक तळं आणि तळ्याकडे उतरत जाणारी जमीन. ट्रस्टने ४२ इंची डेकचं (डेक म्हणजे पात्यावरचं पत्र्याचं कवच), पेट्रोलवर चालणारं एक वापरलेलं राइड-ऑन मोवर, म्हणजे वर बसून चालवायचं गवत कापायचं मशीन, घेतलं आहे. माळीकाकांचं वय झालं, म्हणून ते त्यांचा पुतण्या चालवणार. तो गावाकडे ट्रॅक्टर चालवतो. ट्रस्टच्या ताईंनी विचारलंय की हे मशीन सुरक्षित चालवायला आणि वर्षभर नीट ठेवायला काय करावं, आणि “ट्रॅक्टर येतो म्हणजे हे येणारच ना?”

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं सगळं त्यावरच उभं आहे. स्टिअरिंग, गती, वळण हे तो मुलगा एका दुपारी शिकेल. पण ट्रॅक्टरवाल्याची एक सवय पक्की असते. इंजिन चालू ठेवून खाली उतरायचं, मागे जाऊन अवजारात अडकलेलं काढायचं आणि परत वर चढायचं. शेतात तो हे दिवसातून वीसदा करत असेल. मोवरवर हीच सवय बोटं घेऊन जाते. इथे पातं मागे नाही, पायाखाली आहे, आणि त्याच्या टोकाचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या घरात असतो. डेकखाली असल्यामुळे ते दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टीची भीती दोन आठवड्यांत मरते.

बडोद्यात लॉन राखायची कामं मी २५ वर्षं करतोय. बरीच वर्षं झाली, माझ्याच एका कामावरची गोष्ट. मशीन दुरुस्तीहून परत आलं होतं. सीट खिळखिळी झाल्यामुळे खड्ड्यात गाडी उडाली की इंजिन बंद पडायचं, म्हणून मेकॅनिकने सीटखालच्या स्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडून टाकल्या होत्या. म्हणजे सीटवर कुणी नसलं तरी मशीनला वाटणार की माणूस बसलाय. मी ताब्यात घेताना आवाज ऐकला, ऑइल पाहिलं, पण सीट उचलून पाहिली नाही. ऑगस्टमधे ओल्या गवताने डेकचं गवत फेकणारं तोंड बुजलं. मशीन चालवणारा मुलगा सवयीने उतरला आणि हात घातला. उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं गेली. स्विच शाबूत असता तर तो उठताच इंजिन बंद पडलं असतं. तेव्हापासून कुणाचंही मशीन माझ्याकडे आलं की पहिल्यांदा सीट उचलतो, इंजिन नंतर.

तुमचं मशीन वापरलेलं आहे, म्हणून हे आजच करा. सीटखाली पाहा. वायर सोलून जोडलेली, टेप गुंडाळलेली किंवा प्लगमधे तारेचा तुकडा खोचलेला दिसला तर ती दुरुस्ती आधी, गवत नंतर. मग सपाट जागेवर, आजूबाजूला कुणी नसताना चाचणी घ्या. इंजिन चालू, ब्लेड (म्हणजे पातं) चालू, आणि चालकाने सीटवरून जरासं उठायचं. पाय फूटरेस्टवरच, खाली उतरायचं नाही. इंजिन तिथल्या तिथे बंद पडलं पाहिजे. ब्लेडचा स्विच चालू ठेवून किल्ली फिरवली तर इंजिन सुरू होता कामा नये. ब्रेक न दाबताही सुरू होता कामा नये. तीनही चाचण्या महिन्यातून एकदा घ्यायच्या. एक लक्षात घ्या, पार्किंग ब्रेक लावलेला आणि ब्लेड बंद असेल तर बऱ्याच मशीनचं इंजिन माणूस उतरला तरी चालूच राहतं. तो बिघाड नाही. पण त्यामुळेच सगळा भार स्विचवर टाकून चालत नाही, उतरायची पद्धत हातात मुरावी लागते.

ती पद्धत अशी. ब्लेड बंद. गाडी सपाट जागेवर थांबवायची आणि पार्किंग ब्रेक ओढायचा. इंजिन बंद. किल्ली काढून खिशात. मग दहापर्यंत मोजायचं आणि पातं थांबलंय याची खात्री झाली की उतरायचं. चांगल्या अवस्थेतल्या मशीनचं पातं ५ सेकंदांत थांबायला हवं. त्याहून जास्त वेळ घेत असेल तर ब्लेडचा ब्रेक किंवा बेल्ट तपासायला झालाय. किल्ली खिशात यासाठी की हात डेकखाली असताना कुणी हौशी माणूस, किंवा एखादं लहान मूल, सीटवर चढून ती फिरवू नये. आणि तोंड बुजलेलं असेल तर हात घालायचाच नाही, किल्ली काढलेली असली तरी. लाकडाची दोन फुटी फळी मशीनला दोरीने बांधून ठेवा, ती गवत काढण्यासाठी.

आता तुमच्या तळ्याकडचा उतार. राइड-ऑन मोवरवर जीव जातात ते मुख्यतः मशीन उलटून. उतार डोळ्यांनी ठरवू नका, मोजा. एक मीटरची सरळ काठी घ्या. तिचं एक टोक वरच्या बाजूला जमिनीला टेकवा, काठी लेव्हलमधे धरा आणि दुसऱ्या टोकाखाली जमीन किती खाली आहे ते टेपने पाहा. १८ सेंटिमीटर म्हणजे १० अंश, २७ म्हणजे १५ अंश. मशीनसोबत येणाऱ्या बहुतेक पुस्तिकांत १५ अंश ही शेवटची हद्द असते, काहींत १०. मी १० च्या वर मशीन नेऊ देत नाही आणि गवत ओलं असेल तर उतारावर मुळीच नाही. तुमचं मशीन ट्रॅक्टरसारख्या स्टिअरिंगचं असेल तर उतारावर सरळ खाली-वर चालवायचं, आडवं नाही. उतारावर वळायचं नाही, थांबायचं नाही, परत सुरू करायचं नाही. मागची चाकं घसरायला लागली तर ब्लेड बंद करून हळूहळू सरळ खाली यायचं. पाय जमिनीवर टेकवून गाडी सावरायची उबळ येते. तोच पाय चाकाखाली जातो. दोन दांड्यांनी वळणारं झीरो-टर्न असेल तर उताराबाबत त्याच्या पुस्तिकेतलं प्रमाण माना, कारण त्याची पुढची चाकं मोकळी असतात आणि मागची घसरली की वळवायला काहीच हातात उरत नाही.

चालकाच्या मागे लोखंडी रोल-बार असेल तर सीटबेल्ट बांधायचाच. रोल-बार नसेल तर बांधायचा नाही, नाहीतर मशीन उलटताना माणूस त्याच्याखाली अडकून राहतो.

तळ्याच्या काठापासून मशीनच्या रुंदीच्या दुप्पट अंतर सोडतात. तुमच्या बाबतीत पुरते ३ मीटर धरा आणि तिथे चुन्याची रेघ मारून ठेवा. त्या पट्ट्यात हिरवळीचा हट्ट सोडून वाळा लावलात तर काठाची मातीही धरली जाईल आणि तिथे मशीन न्यायचा प्रश्नच उरणार नाही. बडोद्याच्या आसपासच्या तळ्यांत मगर निघणं काही नवलाचं नाही. पाण्याच्या कडेला वाकून काम करावंच लागू नये हे त्या दृष्टीनेही बरं. उरलेला उतार ब्रश कटरने, म्हणजे खांद्याला अडकवून हाताने चालवायच्या कापणी यंत्राने.

चालवण्याआधी जमीन पायी फिरा. हे काम मी कधीच सोडू दिलं नाही आणि बडोद्यात त्याला खास कारणं आहेत. उत्तरायण झालं की जानेवारीभर हिरवळीत मांजा पडलेला असतो. तो गवतात दिसत नाही. पात्याखाली गेला की स्पिंडलवर, म्हणजे पातं फिरवणाऱ्या दांड्यावर, गुंडाळतो, आणि काच लावलेला असल्याने सीलला कापत आत बेअरिंगपर्यंत पोचतो. फेब्रुवारीत बेअरिंग ओरडायला लागलं म्हणून लोक येतात, उघडून पाहावं तर मुठीएवढा मांजा. १४ आणि १५ जानेवारीनंतर एकदा बांबूच्या काटेरी फांदीने सगळी हिरवळ ओढून घ्या आणि पुढचे तीनचार आठवडे प्रत्येक कापणीनंतर डेकखाली नजर टाका. नवरात्रीच्या गरब्यानंतर आणि लग्नसराईत मांडवाचे खुंटे, तारेचे तुकडे, खिळे राहतात. तुमच्या आवारात मांडव पडत असतील तर मांडववाल्याकडून खुंटे मोजून परत घ्या. लोखंडी खुंटा पात्याला लागला तर तुकडा गोळीसारखा सुटतो. म्हणूनच गवत फेकणाऱ्या तोंडावरची झडप कधीही वर बांधून ठेवायची नाही आणि १५ मीटरच्या आत माणूस दिसला की ब्लेड बंद. स्प्रिंकलरची तोंडं आणि व्हॉल्वच्या पेट्यांशेजारी रंगवलेल्या काठ्या रोवा. उन्हाळ्यात टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. ती डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली की समजा जवळ घरटं आहे, तेवढा गोल सोडून द्या. सहा-सात आठवड्यांनी तिथलं वाढलेलं गवत कापता येतं.

मुलांबद्दल मला तडजोड मान्य नाही. मांडीवर घेऊन एक चक्कर, ही या मशीनवरची सगळ्यात घातक लाड करायची रीत आहे. एकदा चक्कर मिळालेलं मूल पुढच्या वेळी आवाज ऐकून धावत येतं आणि मागे येताना ते चालकाला दिसत नाही. रिव्हर्समधे ब्लेड बंदच ठेवायचं. काही मशीनमधे रिव्हर्समधेही ब्लेड चालू ठेवायची वेगळी कळ असते, ती वापरू नका. मागे घ्यायच्या आधी आणि घेत असताना मान वळवून खाली पाहायचं.

चालकाच्या अंगावर बंद बूट, पूर्ण पँट, चष्मा. चपलेवर नाही. उन्हाळ्यात गळ्यात गमछा असतोच. तो शर्टात खोचायचा, लोंबत ठेवायचा नाही. आवाज कानाजवळ ८५ ते ९५ डेसिबलपर्यंत जातो, आणि ८ तासांसाठी ८५ च्या वरचा आवाज कान कायमचा बिघडवतो. कानावर मफ हवाच. मोबाइल किल्लीच्या जागी कार्यालयात जमा करून किल्ली घ्यायची, असा नियम मी एका ठिकाणी लावला होता. तो उत्तम चालला.

पाऊस. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि लोण्यासारखी होते. अडीचशे-तीनशे किलोचं मशीन चालकासकट तिच्यावर गेलं की चाकोऱ्या पडतात, त्या सुकून दगडासारख्या होतात आणि पुढचे सहा महिने गाडी त्यात आपटत राहते. दोन इंच खालची माती मुठीत दाबा. गोळा होऊन बोटांना चिकटली तर थांबा. श्रावणात आठ-आठ दिवस थांबावं लागतं आणि तेवढ्यात गवत वीतभर होतं, हे मला ठाऊक आहे. मग एका फेरीत खाली आणू नका. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापलं तर गवत पिवळं पडतं आणि डेकही बुजतं. आधी डेक सगळ्यात वर, तीनचार दिवसांनी एक खाच खाली. आपल्या हरळीला पावसाळ्यात ४ ते ५ सेंटिमीटर उंची छान मानवते. उन्हाळ्यात उलट त्रास, हीच माती भेगाळते. पुढचं लहान चाक भेगेत उतरलं की स्टिअरिंग हातातून हिसकलं जातं, म्हणून एप्रिल-मेमधे गती निम्मी.

आता देखभाल. पुस्तिकेत सगळं तासांत लिहिलेलं असतं आणि लोकांना ते कॅलेंडरमधे बसवता येत नाही. ४२ इंची डेकने, वळणं धरून, तासाला साधारण एक एकर होतं. तुमचे ३ एकर म्हणजे ३ तास. जून मध्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंत आठवड्याला एक कापणी धरली तर जवळजवळ ५० तास होतात, आणि ऑइल बदलायचा नेहमीचा हिशोबही ५० तासांचाच आहे. म्हणजे तुमच्याकडे एक पावसाळा म्हणजे एक ऑइल. एकदा जूनच्या सुरुवातीला बदला, एकदा दसऱ्याच्या सुमारास, आणि उरलेलं वर्ष कमी कापणीत निघून जातं. वापरलेलं मशीन असल्याने आत्ता आधीचं ऑइल काढून टाका, त्याचा इतिहास आपल्याला माहीत नाही. ही एअर-कूल्ड, म्हणजे हवेने गार होणारी, इंजिनं आहेत. ४०-४२ अंशांच्या उन्हात १०डब्ल्यू-३० ऑइल जास्त जळतं. पुस्तिका परवानगी देत असेल तर एसएई ३० घाला. पातळी रोज, सपाट जागेवर, इंजिन गार असताना पाहायची. जास्त भरणंही वाईट.

खराब ऑइलइतकीच इंजिनं मारणारी दुसरी गोष्ट म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्यांत, वरच्या झाकणाखाली, साचलेला गवताचा भुसा. हवा जात नाही, इंजिन आतून भाजतं आणि बाहेरून काही कळत नाही. दोन महिन्यांतून एकदा झाकण काढून ब्रशने साफ करा. सायलेन्सरभोवतालचं सुकं गवत प्रत्येक वेळी, कारण ते पेटतं.

एअर फिल्टरचा फोम पुस्तिका २५ तासांनी धुवायला सांगते. आपल्या धुळीत मी मार्च ते जून दर दुसऱ्या कापणीला धुतो. साबणाचं पाणी, पिळून नाही तर दाबून, सावलीत पूर्ण सुकवून. आतला कागदी फिल्टर धुवायचा नाही, त्याला कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही. कागदाला बारीक भोक पडतं आणि धूळ सरळ सिलिंडरमधे जाते. हलकेच आपटायचा, काळा पडला की नवा.

पेट्रोलबद्दल सावध राहा. आता पंपांवरच्या साध्या पेट्रोलमधे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि मोवरच्या बऱ्याच इंजिनांची पुस्तिका १० टक्क्यांपर्यंतच मान्य करते. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळी हवेत महिनाभर उभ्या मशीनच्या कार्ब्युरेटरमधे ते पाणी तळाला बसतं, जेट (पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) गंजतं, रबरी नळ्या फुगतात. तुमच्या मशीनची मर्यादा पुस्तिकेत पाहून घ्या. काही झालं तरी पेट्रोल १५ दिवसांपुरतंच आणा, ३० दिवसांहून जुनं वापरू नका. पंधरा दिवसांपेक्षा जास्त उभं ठेवायचं असेल तर टाकी रिकामी करा, पेट्रोलचा नळ बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. नळ्या वर्षातून एकदा बदला. पेट्रोल भरायचं ते उघड्यावर आणि इंजिन गार झाल्यावर. डबा टेम्पोच्या प्लास्टिकच्या अस्तरावर ठेवून भरायचा नाही, जमिनीवर ठेवायचा, नाहीतर स्थिर विजेची ठिणगी पडू शकते.

धार. गवताची टोकं दुसऱ्या दिवशी पांढुरकी, फाटलेली दिसली तर पातं बोथट आहे. २५ तासांनी धार लावा असं सांगतात, आमच्या मातीत मी १० ते १२ तासांनी लावतो. किल्ली काढा, स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला बांधा, हातात चामड्याचे मोजे. मशीन नुसत्या जॅकवर उचलून खाली शिरायचं नाही, मजबूत स्टँड हवेत. डेक आणि पात्याच्या मधे लाकूड अडकवून बोल्ट सोडवा. धार मूळच्या कोनातच लावा आणि वस्तऱ्यासारखी पातळ करू नका, ती लगेच मुडपते. मग पातं मधल्या भोकातून भिंतीच्या खिळ्यावर अडकवा. जी बाजू खाली जाईल ती जड, तिच्यावरून आणखी घासा. दोन्ही बाजू आडव्या राहिल्या की झालं. तोल गेलेलं पातं स्पिंडलचं बेअरिंग खातं. बसवताना वर वळलेला पंख डेककडे, आणि बोल्ट टॉर्क रेंचने पुस्तिकेतल्या आकड्याला. वाकलेलं पातं ठोकून सरळ करायचं नाही, चिरलेलं वेल्डिंग करायचं नाही. माझ्याकडे लोक वेल्डिंग केलेली पाती घेऊन येतात. मी ती त्यांच्यासमोर कटरने दोन तुकडे करतो, म्हणजे परत कुणी लावणार नाही.

काम संपलं की डेकखालचं ओलं गवत त्याच दिवशी लाकडी किंवा प्लास्टिकच्या खरवडणीने काढा, ते पत्रा खातं. पाण्याचा फवारा इंजिनवर, बॅटरीवर किंवा स्पिंडलवर मारायचा नाही. बेल्टवर भेगा किंवा काचेसारखी चकाकी दिसली की बदला, आणि एक बेल्ट कपाटात असू द्या. पावसाळ्यात तुटला तर दोन आठवडे मिळत नाही. बॅटरी काढताना काळी वायर आधी, लावताना लाल आधी.

टायरमधे १० ते १४ पीएसआयच्या आसपासच हवा असते, नेमका आकडा पुस्तिकेत असतो. बाभळीचा काटा लागला की मुलगा चाक घेऊन कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे जातो आणि तो सवयीने स्कूटरची ३० भरतो. टायर फुगून रिमवरून उडू शकतो. गेज स्वतःचं ठेवा. डाव्या-उजव्या टायरमधे २ पीएसआयचाही फरक असला तर डेक तिरपं होऊन हिरवळीत पट्टे दिसतात, आणि लोक डेक ॲडजस्ट करत बसतात.

इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय मशीन बंद खोलीत ठेवू नका, आणि त्या खोलीत गॅस गीझर नसावा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरकत गीझरच्या ज्योतीपर्यंत जाते.

पुतण्याच्या पहिल्या दिवशी ब्लेड लावूच नका. सपाट कोपऱ्यात विटा मांडून त्यांच्यामधून अर्धा तास चालवू द्या. मग माळीकाकांना समोर उभं करा. ते हात वर करतील, त्याने थांबायचं आणि उतरायचं: ब्लेड, ब्रेक, इंजिन, किल्ली खिशात, दहा आकडे. अशी वीस वेळा. मधे एकदा काकांनी मुद्दाम हाक मारून घाई करायची आणि तो किल्ली विसरतो का ते पाहायचं. विसरला तर परत पहिल्यापासून वीस. गवत कापायचं ते दुसऱ्या दिवशी, दव सुकल्यावर.